चोरटे ध्वनिमुद्रण : कलावंताचा हक्क आणि ग्राहकाचे कर्तव्य

पश्चिम रेल्वेच्या विरार स्थानकाच्या पूर्वेकडे मनवेलपाडा ही वस्ती आहे. नावावरून दिसते त्याप्रमाणे एकेकाळी तो पाडाच होता. मुंबईच्या उपनगरी गाड्यांनी हा परिसर जवळ आणला, तशी येथे इमारतींची दाटी होत गेली. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. वसई-विरारच्या या पट्ट्यात मूळचे आगरी, कोळी, भंडारी, ख्रिस्ती व आदिवासी समाज आणि कोकणातून, घाटावरून तसेच परप्रांतांतून नोकरीधंद्यासाठी आलेली कुटुंबे शेजारी शेजारी नांदतात. साहजिकच येथे गाण्यांचीही रेलचेल आहे. हळदीच्या रात्री कोळीगीते, नवरात्रात जीवदानी देवीची भक्तिगीते, १४ एप्रिलला भीमगीते, गणेशोत्सवात भजने व कोकणातील जाखडी असा वर्षभराचा क्रम असतो.

ही गाणी पूर्वी तबकड्यांवरून, पुढे कॅसेटवरून आणि नंतर सीडीवरून घरात येत. आता ती बहुतांशी मोबाइल फोनवरून येतात. त्याच फोनवर ऑनलाइन बाजारपेठांच्या जाहिरातीही झळकतात. काही हजार गाणी भरलेली पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड अगदी अल्प किमतीत घरपोच मिळेल, असे त्यांत सांगितलेले असते. ग्राहकाला सौदा लाभाचा वाटतो. परंतु आलेले पाकीट उघडून पाहिल्यास अनेकदा असे आढळते, की त्यावर गायकाचे, गीतकाराचे, संगीतकाराचे अथवा निर्मात्याचे नाव कोठेच नाही. ज्यांनी गाणी निर्माण केली त्यांना या व्यवहारातून काही मिळाले की नाही, हे कळावयास मार्ग नाही. हा व्यापार म्हणजे काय, त्याने कोणाचे नुकसान होते आणि कायद्याने कोणते संरक्षण दिले आहे, याची माहिती प्रत्येक ग्राहकाला आणि विशेषतः प्रत्येक स्थानिक कलावंताला असणे आवश्यक आहे.

चोरीचे तीन प्रकार

सर्वसाधारणपणे या सर्व व्यापाराला 'पायरसी' असे एकच नाव दिले जाते. तथापि त्यात तीन वेगवेगळे प्रकार आहेत. पहिला प्रकार चोरट्या प्रतीचा. यात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाची परवानगीवाचून नक्कल करून ती विकली जाते. हजारो गाण्यांची पेन ड्राइव्ह बहुधा याच प्रकारात मोडते. दुसरा प्रकार बनावट प्रतीचा. यात गाण्याबरोबरच मूळ कंपनीचे वेष्टन, चित्र व बोधचिन्ह यांचीही हुबेहूब नक्कल केलेली असते, आणि ग्राहकाची पूर्ण फसवणूक होते. तिसरा प्रकार चोरट्या ध्वनिमुद्रणाचा. जे गाणे विक्रीसाठी कधी मुद्रित झालेच नव्हते, ते मैफलीत, नाट्यगृहात किंवा मांडवात गुपचूप मुद्रित करून बाजारात आणले जाते.

या तिसऱ्या प्रकाराला इंग्रजीत 'बूटलेग' म्हणतात. उंच बुटात दारूची बाटली लपवून नेणाऱ्या चोरट्या विक्रेत्यांवरून हा शब्द आला आणि पुढे तो संगीताला चिकटला. १९६९ साली अमेरिकेत बॉब डिलन या गायकाच्या अप्रकाशित गाण्यांची 'ग्रेट व्हाइट वंडर' या नावाने ओळखली गेलेली ध्वनिमुद्रिका अशीच चोरून निघाली. ती कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात विकली जात होती. आपल्याकडेही मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणे करण्याची हौस जुनी आहे. अशा हौशी रसिकांच्या संग्रहांमुळे कितीतरी गायकांचे गाणे टिकून राहिले, हेही नमूद केले पाहिजे. मात्र संग्रह आणि व्यापार यांत कायद्याने स्पष्ट भेद केलेला आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

एका गाण्याचे चार धनी

उदाहरणादाखल असे समजू, की मनवेलपाड्यातील एक हौशी मंडळ नवरात्रापूर्वी जीवदानी देवीवरील सहा गाण्यांचा संच काढते. गीते मंडळातील एका शिक्षकाने लिहिली, चाली दुसऱ्याने बांधल्या, गायिका शेजारच्या पाड्यातील आहे, ढोलकी व बेंजो वाजवणारे ओळखीचे आहेत. स्टुडिओचे भाडे वर्गणीतून भरले. संच प्रसिद्ध झाला आणि आठवडाभरात तीच सहा गाणी दूरगावच्या एखाद्या विक्रेत्याच्या 'देवीची सुपरहिट गाणी' अशा पेन ड्राइव्हमध्ये विक्रीस आली.

येथे हक्क कोणाचा गेला? कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे अशा एका गाण्यात चार निरनिराळे हक्क असतात. गीताच्या शब्दांवर गीतकाराचा, चालीवर संगीतकाराचा, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचा म्हणजे येथे मंडळाचा, आणि सादरीकरणावर गायक-वादकांचा हक्क असतो. गीत व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. सादरकर्त्याचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात आला, आणि १९९९ च्या दुरुस्तीने त्याची मुदत २५ वरून ५० वर्षे करण्यात आली.

'सादरकर्ता' या शब्दाची व्याख्या मोठी उदार आहे. तीत नट, गायक, वादक व नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. याचा अर्थ असा, की वारली समाजात गीते गाऊन लग्न लावणारी धवलेरी, आगरी समाजातील धवलारीण आणि दुधी भोपळ्याचा तारपा वाजवणारा आदिवासी वादक हे सर्व कायद्याच्या दृष्टीने सादरकर्तेच आहेत. त्यांचे गाणे त्यांच्या संमतीवाचून मुद्रित करून विकणे हा त्यांच्या हक्काचा भंग ठरतो.

कलावंताला गाण्याच्या विक्रीतून वाटा मिळावा, ही मागणी नवी नाही. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांना स्वामित्वधन मिळावे असा आग्रह धरला, आणि याच प्रश्नावरील मतभेदामुळे त्यांचे व महंमद रफी यांचे एकत्र गाणे काही काळ थांबले. या मागणीला कायद्याचे बळ मिळण्यास २०१२ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनाचा समान हिस्सा मागण्याचा हक्क मिळाला. तो त्यांच्याकडून करारानेही काढून घेता येत नाही. सादरकर्त्यांनाही त्यांच्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरासाठी स्वामित्वधनाचा हक्क देण्यात आला, आणि २०१३ साली गायकांची 'इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. परंतु स्वामित्वधन अधिकृत विक्रीतूनच निर्माण होते. चोरट्या प्रतीच्या विक्रीतून गीतकाराला, गायिकेला किंवा ढोलकीवाल्याला काहीच पोहोचत नाही.

कॅसेटचे वरदान आणि शाप

चोरटी नक्कल सोपी झाली ती कॅसेटमुळे. तबकडी छापावयास कारखाना लागे, त्यामुळे नक्कल करणे खर्चाचे होते. १९६३ साली फिलिप्स कंपनीने लहान आकाराची कॅसेट बाजारात आणली आणि पुढील दोन दशकांत चित्र पालटले. आखाती देशांत नोकरीस गेलेल्या कोकणातील माणसांनी गावी येताना 'टू-इन-वन' आणले. मोठ्या कंपन्यांनी ज्यांची दखल क्वचितच घेतली असती, असे लोकगायक, शाहीर, कव्वाल व भजनी मंडळे कॅसेटवरून खेडोपाडी पोहोचली. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकाचा आवाज घराघरांत गेला, त्यात कॅसेटचा वाटा मोठा आहे. परंतु दोन यंत्रे जोडली की घरबसल्या नक्कल होत असे, आणि फलाटांवर व पदपथांवर चोरट्या कॅसेटचे ढीग दिसू लागले.

हा व्यापार देशाच्या सीमेपुरता मर्यादित नव्हता. सिंगापूरहून नेपाळकडे जाणारा कॅसेटचा माल कलकत्ता बंदरात उतरला असता तो चोरट्या नकलांचा असल्याची तक्रार ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने केली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. माल केवळ भारतातून पुढे जाणार असला, तरी तो भारतात आणणे ही 'आयात'च होय आणि तो अडवता येतो, असा निर्णय न्यायालयाने फेब्रुवारी १९८४ मध्ये दिला. त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा कडक केल्या आणि ५२-अ हे नवे कलम घातले. या कलमाप्रमाणे प्रत्येक ध्वनिमुद्रणावर व त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापणे बंधनकारक झाले. त्या म्हणजे ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. हे कलम आजही लागू आहे, आणि खरी व चोरटी प्रत ओळखण्याची ती सर्वांत सोपी कसोटी आहे.

पुढे सीडी आली, एमपी-३ मुळे शेकडो गाणी एका तबकडीत मावू लागली, आणि आता विक्रेत्याला पदपथावर बसण्याचीही गरज उरली नाही. ऑनलाइन बाजारपेठेत तो कोणत्या गावचा आहे हेही ग्राहक सहसा पाहत नाही. पूर्वी पोलिसांना ढीग जप्त करता येई. आता एक जाहिरात काढली, तर दुसऱ्या नावाने तीच पुन्हा येऊ शकते.

कायद्याचे संरक्षण

कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हक्कभंगाबद्दल सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा सांगितली आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. पोलीस उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला चोरट्या प्रती वॉरंटावाचून जप्त करता येतात. कलम ५८ प्रमाणे अशा प्रती हक्कधारकाच्याच मालकीच्या मानल्या जातात.

महाराष्ट्राने या बाबतीत आणखी एक पाऊल टाकले. झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले व इतर समाजविघातक व्यक्तींना प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत ठेवण्यासाठी राज्यात १९८१ चा अधिनियम आहे. २००९ साली त्यात दुरुस्ती करून व्हिडिओ पायरेट ही वर्गवारी समाविष्ट करण्यात आली. 'बूटलेग' हा शब्द ज्या चोरट्या दारूवरून आला, ती विकणारे आणि कलाकृतींची चोरी करणारे अशा रीतीने एकाच अधिनियमाखाली आले. बौद्धिक संपदेच्या ऑनलाइन चोरीचा तपास करण्यासाठी २०१७ साली महाराष्ट्र सायबर या यंत्रणेअंतर्गत स्वतंत्र पथकही स्थापन झाले. वसई-विरार परिसरासाठी १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय कार्यरत झाले आहे.

बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीची जबाबदारी किती, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. तिच्यावर लाखो वस्तू इतर विक्रेते मांडत असतात. मायस्पेस या संकेतस्थळाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये असे मत दिले, की विशिष्ट हक्कभंगाची प्रत्यक्ष माहिती मिळाल्यावाचून मध्यस्थाला दोषी धरता येणार नाही. याचा व्यावहारिक अर्थ हक्कधारकाने नीट समजून घेतला पाहिजे. 'आमची गाणी चोरली जात आहेत' अशी मोघम तक्रार पुरेशी नाही. कोणत्या पानावर, कोणत्या विक्रेत्याकडे, कोणते गाणे आहे, हे नेमके कळवावे लागते.

ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनीही बाजारपेठांवर काही बंधने घातली आहेत. विक्रेत्याचे व्यावसायिक नाव व पत्ता ग्राहकास दिसला पाहिजे. तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे, आणि त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देऊन महिन्याच्या आत निवारण केले पाहिजे. कॉपीराइट कायद्याखाली ज्यांचा माल पूर्वी काढून टाकावा लागला, असे वारंवार दोषी ठरणारे विक्रेते ओळखता यावेत, यासाठी त्यांची नोंद ठेवण्याचा प्रयत्नही बाजारपेठेने करावयाचा आहे.

काही गैरसमज

'लोकगीत कोणाचेच नसते, मग त्याची चोरी कशी?' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. परंपरेने आलेले शब्द व चाल यांवर कोणाची मालकी नसते, हे खरे आहे. परंतु त्या गीताचे जे विशिष्ट ध्वनिमुद्रण एखाद्या मंडळाने खर्च करून केले, त्यावर त्या मंडळाचा हक्क असतो, आणि ज्या बाईने ते गायले तिचा सादरकर्ती म्हणून हक्क असतो. दुसऱ्याने तेच पारंपरिक गीत स्वतः गाऊन मुद्रित करावे, त्यास कोणाची हरकत नाही. मंडळाची फीत उचलून विकणे मात्र चोरीच होय.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. लग्नात गाणी वाजवणे हाही गुन्हा ठरेल की काय, अशी भीती काही जणांना वाटते. कायद्याने विवाहाची वरात व विवाहाशी निगडित सामाजिक समारंभ यांना सूट दिलेली आहे. हळदीला गाणी वाजवण्यास आडकाठी नाही. मात्र या सवलतीने चोरट्या प्रतीची विक्री वैध होत नाही.

तिसरी शंका मैफलीच्या ध्वनिमुद्रणाविषयी असते. सादरकर्त्याच्या हक्काला कायद्याने एक मर्यादा घातली आहे. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, अथवा निव्वळ अध्यापन व संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण हा त्या हक्काचा भंग होत नाही. जुन्या मैफलींच्या फिती जपणाऱ्या रसिकाला कायदा शत्रू मानत नाही. तीच फीत नकला काढून विक्रीस मांडली, की मर्यादा ओलांडली जाते. अर्थात संयोजकांनी सभागृहात ध्वनिमुद्रणास मनाई केली असल्यास ती पाळणे हे श्रोत्याचे कर्तव्यच आहे.

स्थानिक कलावंतांनी काय करावे

मनवेलपाड्याच्या उदाहरणातील मंडळाने काही गोष्टी आरंभीच केल्या असत्या, तर पुढील लढा सोपा झाला असता. पहिली गोष्ट म्हणजे लेखी करार. गीतकार, संगीतकार, गायिका आणि वादक यांची नावे, मानधन व हक्क एका कागदावर स्पष्ट लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मूळ मुद्रण, स्टुडिओची पावती आणि गीताचे हस्तलिखित जपून ठेवावे.

दुसरी गोष्ट म्हणजे नोंदणी. हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, तो निर्मितीबरोबरच जन्मास येतो. तथापि नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. केंद्र शासनाच्या कॉपीराइट कार्यालयाकडे अर्ज ऑनलाइन करता येतो. २०१३ च्या नियमांप्रमाणे गीत अथवा चाल यांसाठी प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क ठरवलेले आहे. याखेरीज प्रत्येक ध्वनिमुद्रणासाठी बारा अक्षर-अंकांचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक घेता येतो. त्यामुळे गाणे कोठेही वाजले तरी त्याचा मूळ धनी शोधता येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे तत्परता. चोरटी प्रत आढळताच त्या पानाचे चित्र, दिनांक व दुवा जपून ठेवावा आणि शक्य असल्यास एक प्रत विकत घेऊन पावतीसह ठेवावी. नंतर बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे. गाणे एखाद्या संकेतस्थळावर परस्पर चढवले गेले असेल, तर २०१३ च्या नियमांप्रमाणे रीतसर तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत मध्यस्थाने ते रोखावयाचे असते. ही बंदी २१ दिवस राहते. तेवढ्या अवधीत न्यायालयाचा आदेश सादर करावा लागतो. विक्रेता दुसऱ्या राज्यात असला, तरी कलम ६२ प्रमाणे हक्कधारकाला स्वतः राहत असलेल्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. लहान कलावंताला दूरच्या शहरी खेटे घालावे लागू नयेत, हा या तरतुदीमागील हेतू आहे. फौजदारी तक्रारीसाठी नजीकचे पोलीस ठाणे व राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळ हे मार्ग आहेतच.

ग्राहकाच्या हाती

सर्व गाणी विकत घेण्याची ऐपत प्रत्येकाकडे असत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु आता गाणी ऐकण्याचे अनेक वैध मार्ग अल्प किमतीत, काही ठिकाणी जाहिरातींसह विनामूल्यही, उपलब्ध आहेत. गाणी आधीच भरलेली अधिकृत साधनेही बाजारात आहेत. २०१७ साली सारेगामा कंपनीने आणलेले 'कारवाँ' हे अशा साधनाचे परिचित उदाहरण होय. त्यामुळे पाकीट मागवण्यापूर्वी ग्राहकाने तीन प्रश्न विचारावेत. हे ध्वनिमुद्रण कोणी केले? त्यावर हक्क कोणाचा? ते प्रथम कधी प्रकाशित झाले? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेष्टनावर नसतील, तर माल घेऊ नये. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गोहर जान यांची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. तेव्हा प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत. तबकड्या दूर जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात, आणि तेथील कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव घालावयाचे हे कळावे, असा त्यामागील उद्देश सांगितला जातो. आज मनवेलपाड्यातील गायिकेला तसे करण्याची गरज नाही. तिचे नाव वेष्टनावर छापले जाते, नोंदवहीत लिहिता येते आणि कायदा ते मानतो. ते नाव पाहून मगच गाणे विकत घेणारा ग्राहक तिला लाभला, तर पुढील नवरात्रात तिचे मंडळ दुसरा संच काढू शकेल.